नाक्यापर्यंत ढकलत

"गाडी इथं चालू करायची न्हाई," पारव्वामावशी म्हणाली. "नाक्यापत्तोर ढकलत न्यायची. तिथं काय ती चालू करा."

मी ताडपत्रीचं टोक हातात धरून उभा होतो. निम्मी गाडी उघडी झाली होती, निम्मी अजून झाकलेली होती. जेवढी दिसली तेवढ्यानंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि ही बाई म्हणते चालू करायची नाही.

मी इंजिनाचा मिस्त्री. बार्शीला लातूर रोडवर माझा गाळा आहे. डिझेल पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही आणा, मी आधी पाना उचलत नाही, कान लावतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. कुठला वाल्व ढिला आहे, कुठलं बेअरिंग जायला आलंय, सगळं ऐकू येतं. बार्शीत मला अंबऋषी मिस्त्री म्हणण्याऐवजी 'कानवाला मिस्त्री' म्हणणारे आजही भेटतील. तेव्हा मला या कानाचा फार गर्व होता.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. गाडीची जाहिरात भाच्यानं मोबाइलवर दाखवली होती. अठराशे सीसीची परदेशी क्रूझर मोटरसायकल, दोनच सिलिंडर, पण एकेक पातेल्याएवढं. वजन साडेतीनशे किलो. मागचं टायर जीपला शोभेल असं रुंद. मी एकोणीस वर्षांचा असताना सोलापूरला एका गॅरेजमध्ये कामाला होतो. तिथं एकदा अशीच एक गाडी आली होती. मी नुसता टाकीवर हात ठेवायला गेलो तर उस्तादानं मनगटावर फटका मारला. म्हणाला, हात काळे आहेत तुझे, लांब हो. तो फटका मी वीस वर्षं विसरलो नव्हतो.

पितृपंधरवडा चालू होता. माझी बायको मंदाकिनी म्हणाली, पितरं जेवायला येतात त्या दिवसांत कोणी गाडी आणतं का? दसऱ्यापर्यंत थांबलात तर काय आभाळ कोसळणार आहे? मी तिला ऐकवलं की सगळे थांबतात म्हणूनच या दिवसांत गाडी स्वस्त मिळते. खरं सांगायचं तर स्वस्तबिस्त काही नाही, मला धीर नव्हता. आठ दिवसांत दुसऱ्या कुणी उचलली असती तर मी जेवलो नसतो. पैशाची पिशवी घेतली, पहाटेची एसटी पकडली आणि रविवारी दुपारी कोल्हापुरात गवळ्यांच्या गल्लीत येऊन पोचलो.

गल्ली शेणानं आणि वैरणीच्या वासानं भरलेली. प्रत्येक घराला लागून गोठा. सिद्धाप्पा गवळ्यांचं घर मधोमध होतं. दारात खुर्चीवर एक धिप्पाड म्हातारा बसलेला. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. तेच सिद्धाप्पा. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन अकरा महिने झाले होते. वाचा गेली होती, पण कान आणि डोळे शाबूत होते. मी नमस्कार केला तर डाव्या हातानं त्यांनी मला जवळ बोलावलं, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि समाधानानं मान हलवली. काळे हात बघून खूश झालेला हा पहिला माणूस मला भेटला. बाकी सगळा व्यवहार त्यांची बायको, पारव्वा, बघत होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात, तशीच तीही बोलायची. मला तिनं आल्या आल्या गूळपाणी दिलं आणि पाव्हणं म्हणायला सुरुवात केली.

ताडपत्री पूर्ण काढली आणि मी गाडीभोवती दोनदा फिरलो. ओरखडा नाही. चासी नंबर जुळत होता, टायर नवं होतं, बॅटरी नुकतीच चार्ज करून बसवलेली, पुढच्या फोर्कमधून तेलाचा थेंब गळत नव्हता. नाही म्हणायला दोन गोष्टी खटकल्या. दोन्ही आरसे नव्हते आणि सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकलेली होती. विचारलं तर मावशी म्हणाली, पाडव्याला काढलेलं, मग बसवायचं राहूनच गेलं. गाडीचा आणि पाडव्याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला, किल्ली मागितली, तेव्हा ती म्हणाली की गाडी इथं चालू करायची नाही.

"मावशी," मी म्हणालो, "आवाज ऐकल्याशिवाय मी सायकलसुद्धा घेत नाही."

"ऐका की. नाक्यावर जाऊन ऐका."

नाक्यावर ट्रक, रिक्षा, हॉर्न. त्या गदारोळात इंजिनाचा रोग कसा ऐकू येणार? इंजिन ऐकायचं ते शांत जागेत आणि थंड असताना. मी मनात म्हटलं, अंबऋषी, सावध हो. आजवर मी नाना तऱ्हेची कारणं ऐकली होती. बॅटरी कालच उतरली. किल्ली मेव्हण्याकडं आहे. आज अमावास्या आहे. विकणारा चालू करू देत नाही म्हणजे आत काहीतरी खडखडतंय, हे या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून तिनं मला हाताला धरलं आणि गोठ्याकडं नेलं. अंगणाच्या पलीकडं बुटकी भिंत, भिंतीमागं सात-आठ म्हशी. त्यातली एक सगळ्यांत थोराड, शिंगं मागं वळून पाठीपर्यंत गेलेली, पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं. बाकीच्या वैरण खात होत्या. ही मात्र मान वळवून अंगणातल्या गाडीकडं बघत होती.

"ही मुंगी," मावशी म्हणाली.

मला हसू आलं. एवढ्या धुडाला मुंगी! मग तिनं सगळं सांगितलं. ही जन्मली त्याच दिवशी हिची आई गेली. रेडकू एवढंसं होतं, जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सिद्धाप्पांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं, रात्री उशाशी घेऊन झोपले. एवढीशी म्हणून नाव मुंगी. आणि कोल्हापुरात गवळ्यांची एक रीत असते. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, आणि मालकानं मोटरसायकल काढून पुढं पळवायची. म्हैस मागनं पळत येते. दोरी नाही, काठी नाही. ती फक्त आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखते आणि भर गर्दीतून त्या आवाजामागं धावते. बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. सिद्धाप्पांना आयुष्यभर एकच नाद. रानातला तुकडा विकून त्यांनी पुण्याच्या कुणा बड्या माणसाकडून ही जुनी क्रूझर घेतली, का तर हिच्यासारखा आवाज साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या गाडीला नाही. सहा वर्षं मुंगी त्या आवाजामागं धावली. पळून आली की आप्पा आपल्या हातानं तिला गुळाचा खडा द्यायचे. गेल्या पाडव्यानंतर चौथ्या दिवशी ते गोठ्यातच कोसळले.

"तवापासनं हिचं हे असं," मावशी म्हणाली. "दिसभर गाडीकडं तोंड करून हुबी. निम्मी वैरण तशीच. धनी आज न्हाई तर उद्या गाडीवर बसंल, असं तिला वाटतंय. मुक्या जनावराला कसं सांगायचं, की ह्यो माणूस आता गाडीवर बसायचा न्हाई म्हणून? गाडी डोळ्यांआड झाली की विसरंल बापडी. त्यासाठनं विकतोय मी, पाव्हणं. यांनीच खुणेनं सांगितलं."

मग तिनं मुंगीच्या पोटावर हात ठेवला. "दहावा भरत आलाय. आज-उद्या कवाबी व्यायची. डॉक्टर म्हणलेत, हिला चार पावलंसुदीक पळू देऊ नका. आवाज कानावर पडला तर दावं तोडंल आणि मरंस्तोवर धावंल. म्हणून सांगतो, नाक्यापत्तोर ढकलत."

मी मान डोलावली. आणि मनात काय म्हणालो ते आता लाज सोडून लिहितो. मी म्हणालो, अमावास्येचं कारण ऐकलं होतं, म्हशीचं आजच ऐकलं. बाई मोठी हुशार आहे.

असं ठरलं की पैशाची पिशवी मी तिच्याकडं ठेवायची, नाक्यावर जाऊन आवाज ऐकायचा, पसंत पडला तर फोन करून तसाच पुढं बार्शीला निघायचं, नाही तर गाडी ढकलत परत आणायची. कागदांवर आप्पांचा डाव्या हाताचा अंगठा आधीच घेतलेला होता. ढकलायला मावशीचा पुतण्या मल्लू येणार होता. तिशीतला गडी, चार वाजता म्हशी पिळायच्या म्हणून सारखा घड्याळाकडं बघत होता.

निघताना मी आप्पांच्या पाया पडलो. त्यांनी माझं मनगट डाव्या हातानं पकडलं. पकड जबर होती. मग हात सोडून त्यांनी मूठ वळली, रेस द्यावी तशी दोनदा थोडी थोडी फिरवली, एकदा लांब फिरवली, आणि पंजा माझ्यासमोर उभा धरला. पुन्हा तेच केलं. दोनदा थोडी, एकदा लांब, आणि पंजा. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, हौशी माणूस आहे, सांगतोय की जोरात पळव, माझा आशीर्वाद आहे.

"होय आप्पा," मी म्हणालो, "अशी पळवतो की बघत राहाल."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. मी हसून पाठ फिरवली.

साडेतीनशे किलो ढकलणं म्हणजे गंमत नाही. मी हँडल धरलं, मल्लू मागनं रेटत होता. शंभर पावलांतच माझा सदरा भिजला. गल्ली जिथं वळते तिथं शाळेची लांब भिंत होती. रविवार असल्यानं शाळा बंद. चिटपाखरू नाही. पिंपळाची सावली, आणि इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येत होता. इंजिन ऐकायला याहून चांगली जागा अख्ख्या कोल्हापुरात मिळाली नसती.

मल्लूला मी म्हणालो, जा तुम्ही, धारेची वेळ झाली, इथून पुढं उतारच आहे, मी नेतो. तो थोडा घुटमळला. म्हणाला, नाक्यावरच चालू करा बरं का. मी म्हणालो, हो हो, म्हणजे काय. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी थांबलो.

मग किल्ली फिरवली.

काय आवाज होता तो! मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. एकाही वाल्वची टिकटिक नाही. दोन्ही सिलिंडर एकमेकांना वाट देत चालल्यासारखे. अकरा महिने उभी असलेली गाडी, आणि असं निरोगी इंजिन मी आजवर ऐकलं नव्हतं. गळा मोकळा करायला म्हणून मी रेस दिली. आम्ही मिस्त्री लोक देतो तशी. दोनदा थोडी, एकदा लांब.

देऊन झाल्यावर मी मागं बघितलं. खरंच बघितलं. मिनिटभर वळणाकडं बघत थांबलो. काही आलं नाही. कुत्रंसुद्धा आलं नाही. बघा, मी स्वतःशी म्हणालो, शुद्ध थाप. गाडीवर बसलो आणि निघालो.

पुढं मला मल्लूकडून कळलं की मुंगी त्या मिनिटभर दाव्याशी झगडत होती. दावं जुनं नव्हतं, गणपतीतच नवं बांधलेलं. जवळ आवाज होता तोवर ते टिकलं. आवाज लांब जायला लागला, तसं तिनं ते तोडलं. मावशी तेव्हा परसात पाण्याची मोटर चालू करून भांडी धूत होती, तिला गाडीचा आवाज ऐकूच आला नव्हता.

मला काय त्याचं! मी नाका ओलांडला आणि शहरातून निघालो. रस्त्यात लोक थांबून बघत होते. दुकानांतून बाहेर येत होते. कुणी हात वर करत होतं, कुणी ओरडत होतं. सायलेन्सरला जाळी नाही, त्या धडधडाटात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, कोल्हापूरचे लोक, हौशी, गाडी बघून खुळावलेत. मीही हात वर करून दाखवत होतो. सिग्नलला थांबलो की रेस द्यायचो. एक रिक्षावाला शेजारी येऊन जीव खाऊन ओरडला, मागं बोट दाखवलं. मी त्याला हसून रेस दिली आणि पुढं काढली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. सोलापूरचा उस्ताद कुठून तरी बघत असावा असं सारखं वाटत होतं. आरसे नव्हते. एक आरसा असता तरी पुरे होता.

पंचगंगेचा पूल ओलांडून हायवेला लागण्याआधी एका चहाच्या टपरीवर थांबलो. मावशीला फोन करायचा होता की गाडी पसंत आहे. इंजिन बंद केलं, फोन काढला. चौदा मिस कॉल होते.

तेव्हा मला मागून श्वास ऐकू आला. माझा हा नावाजलेला कान! शहराच्या त्या टोकापासून कुणी माझ्यामागं धावत होतं आणि मला ऐकू आलं ते इंजिन बंद केल्यावर. टपरीवरची माणसं बाजूला पळाली. मुंगी पुलावरून येत होती. तोंडाला फेस, गळ्यात तुटलेलं दावं, एका गुडघ्याची कातडी सोललेली. मला बघून ती बुजली नाही, मारायलाही आली नाही. सरळ गाडीपाशी आली आणि हनुवटी सीटवर टेकवून उभी राहिली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मग तिनं मान वळवली आणि माझा हात हुंगला. गूळ शोधत होती. हात माझा होता, डिझेलचा वास असलेला. तिनं परत हुंगला, आणि मग माझ्याकडं न बघता मान पुन्हा सीटवर ठेवली. मागच्या पायांवरून पाणी आणि रक्त वाहत होतं.

 मी टपरीच्या बाकावर बसलो. टपरीवाल्यानं पाणी दिलं.

पाच मिनिटांत रिक्षा आली. मावशी आणि मल्लू उतरले. मावशी आधी मुंगीकडं गेली, तिच्या पोटाला हात लावला, मागं जाऊन बघितलं.  पदरानं मुंगीच्या तोंडाचा फेस पुसला. मग माझ्याकडं वळली.

"नाक्यावरच चालू केलीसा न्हवं?"

मी मल्लूकडं बघितलं. तो खाली बघत होता. मला अर्ध्या वाटेत सोडून आल्याचं त्यानं घरी सांगितलं नव्हतं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

"हो मावशी," मी म्हणालो. "नाक्यावरच."

"एवढ्या लांबनं ऐकलं हिनं," ती म्हणाली, आणि मुंगीच्या कपाळावर हात फिरवत राहिली. "बघा की. एवढ्या लांबनं."

मुंगीला घरी न्यायचं होतं. मल्लूनं दावं ओढलं, ती हलली नाही. गूळ दाखवला, बघितलं नाही. टेम्पो बोलवावा तर त्यात चढण्याची ताकद तिच्यात नव्हती. मावशी शेवटी म्हणाली, गाडी चालू करा आणि सावकाश घरला चला. त्याबिगर ती पाय उचलायची न्हाई.

पाच किलोमीटर. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, दोन्ही पाय जमिनीला टेकवत. असल्या गाड्या इतक्या हळू चालायला बनवलेल्या नसतात, इंजिन तापून मांड्या भाजत होत्या. मागं मुंगी, तिच्या पाठीवर हात ठेवून मावशी, तिच्यामागं मल्लू. जाताना ज्यांनी हात वर केले होते तेच लोक आता दुकानांच्या पायऱ्यांवर गप्प उभे होते. मी कुणाकडं बघितलं नाही. दर शंभर पावलांवर मान वळवून मुंगीकडं बघत होतो. ती थांबली की मी थांबायचो. परत जरा रेस दिली की ती पाऊल टाकायची. देवाला मी एवढंच म्हणत होतो की हिला घरापर्यंत पोचू दे. त्यापुढचं मागायची माझी हिंमत नव्हती.

गल्लीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळी गल्ली दारात उभी होती. आप्पा खुर्चीवर पुढं झुकून बसले होते. गाडीचा आवाज जवळ येताना त्यांनी ऐकला असणार. मी गाडी त्यांच्यासमोर नेऊन उभी केली. बंद करायला माझा हात धजेना. मुंगी आली आणि खुर्चीपाशी उभी राहिली. मावशीनं आतून गुळाचा खडा आणून आप्पांच्या डाव्या हातात ठेवला. त्यांनी हात पुढं केला. मुंगीनं तो खडा खाल्ला आणि त्यांचा तळहात चाटत राहिली. आप्पांच्या तोंडून आवाज निघत होता, शब्द नव्हे, पण तिच्याशीच बोलत होते. अकरा महिन्यांनी तिला तिचा माणूस गाडीपाशी भेटला होता.

मग आप्पांनी तो ओला हात हँडलकडं नेला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि मुंगी खाली बसली.

जनावरांचे डॉक्टर आले. पोटातलं रेडकू आधीच गेलेलं होतं, रेडी होती. मुंगीला त्यांनी दोन इंजेक्शनं दिली, मावशीला बाजूला घेऊन काही सांगितलं आणि गेले. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दिवेलागणीला मुंगी गेली. शेवटपर्यंत तिचं तोंड खुर्चीकडं होतं.

मी भिंतीला टेकून उभा होतो.  कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग मला जाणवलं की आप्पा माझ्याकडं बघतायत. त्यांनी डावी मूठ वळली. दोनदा थोडी फिरवली, एकदा लांब. आणि मग पंजा उभा धरला नाही. बोट लांब केलं आणि शाळेच्या भिंतीकडं दाखवलं. परत मूठ, परत तेच बोट.

दुपारचा तो पंजा आता मला कळला. 'असं करू नकोस' म्हणत होते. आणि आवाज कुठून आला होता तेही त्यांना नेमकं ठाऊक होतं. दिवसभर दारात बसणारा माणूस, शंभर पावलांवरचा आवाज आणि नाक्यावरचा आवाज त्याला वेगळा कळणार नाही का? माझ्याहून चांगला कान त्यांचा होता. फक्त जीभ नव्हती.

"काय म्हणतायसा?" मावशीनं त्यांना विचारलं. "शाळंकडं काय हाय? कोण आलंय काय?"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. सांगायचं ते मलाच सांगायचं होतं. मल्लू उठून गोठ्यात निघून गेला. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. बारा वर्षं झाली, पारव्वामावशीही आता नाही, आणि ते वाक्य अजून माझ्या घशात आहे. मावशीनं आप्पांचा हात खाली घेतला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, डोकं फिरलंय त्यांचं आज, चालायचंच.

मी म्हणालो, मावशी, मला गाडी नको. पैसेही तुमच्याकडंच राहू द्या.

ती उठली. पैशांची पिशवी तशीच खुंटीला होती. तिनं ठरलेले पैसे घेतले, उरलेले पिशवीत ठेवून पिशवी माझ्या हातात दिली. किल्ली गाडीतून काढली आणि तीही माझ्या हातात दिली. किल्लीला अजून गूळ लागलेला होता.

"इकल्याली वस्तू परत घेत न्हाई आम्ही," ती म्हणाली. "आणि तुमची काय चूक? तुमी सांगितल्यागत नाक्यावरच चालू केलीसा. तिच्याच कानाला म्हणायचं."

मी गाडीपाशी गेलो.

"आता ढकलत नगा नेऊ, पाव्हणं," ती म्हणाली. "थकलासा. आता इथनंच चालू करून न्या. आता मागनं यायला कोण न्हाई."

मी किल्ली खिशात टाकली. स्टँड काढला, हँडल धरलं आणि गाडी ढकलायला लागलो. मल्लू गोठ्यातून बाहेर आला नाही, मीही त्याला हाक मारली नाही. शाळेच्या भिंतीपाशी दम लागला, पण तिथं थांबलो नाही. नाक्यापर्यंत ढकलत नेली.